गलिव्हरला शाळेत आणणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

समोर भेटले की "अहो, त्यात काय एवढं!" म्हणून तुम्ही विषय संपवता, म्हणून हे आभार सगळ्यांदेखत लिहितेय.

जोनाथन स्विफ्टच्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' या पुस्तकातला गलिव्हर १७२६ सालचा. त्यातलं लिलिपुट, म्हणजे चिमुकल्या माणसांचा देश, आपल्याकडच्या मुलांना ऐकून माहीत असतंच. एरवी गोष्ट झाली, तात्पर्य सांगितलं, वही मिटली. तुम्ही मात्र सहावीच्या पोरांसमोर गणिताच्या तासालाही तेच पुस्तक घेऊन उभ्या राहिलात.

मी घरी ब्लाउज-ड्रेस शिवते. लेक माझी टेप पळवून आजीचा अंगठा मोजत बसली. लिलिपुटच्या शिवणारणी म्हणे गलिव्हरच्या नुसत्या अंगठ्याचं माप घेतात: त्याच्या दुप्पट मनगट, मनगटाच्या दुप्पट गळा, गळ्याच्या दुप्पट कंबर. आजीचं मनगट बऱ्यापैकी जुळलं, कंबरेशी हिशेब पार फसला. (या मापाने मी ब्लाउज बेतला तर गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढायचं नाही!)

मग कापडाचा प्रश्न आला. गलिव्हर त्यांच्या बारापट उंच. लांबी बारापट तसा पन्हाही बारापट, म्हणजे कापड १४४ पट. हे शिवणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. पण लेक म्हणाली, "आई, त्यांचं कापड किती तलम असेल!" पुस्तकातही तसंच आहे, त्यांचं जाड कापडसुद्धा आपल्या मलमलीहून तलम, म्हणून घडीवर घडी घालून शिवतात. बारा थर धरा, झालं १७२८. आणि गलिव्हरला जेवण लागतं तेही १७२८ जणांचं! काही आवृत्त्यांत १७२४ छापलंय, ती चूक पोरांनी गुणाकार करून पकडली. घनफळाचं सूत्र तिला मी पाठ करून घेणार होते, ते राहूनच गेलं.

विज्ञानाच्या तासाला तुम्ही तोच आकडा मोडीत काढलात, हे मला फार आवडलं. लहान जिवाच्या अंगातली ऊब लवकर निघून जाते, म्हणून चिचुंद्री वजनाच्या मानाने सारखी खात असते. तेव्हा गलिव्हरला १७२८ जणांपेक्षा कमीच पुरेल. नकाशावरही तसंच. गलिव्हरच्या जहाजाचं स्विफ्टने दिलेलं अक्षांश ३० अंश २ मिनिटं दक्षिण. पुस्तकात म्हटल्याप्रमाणे टास्मानियापासून थेट वायव्येला त्या अक्षांशापर्यंत बोट सरकवलं की जहाज ऑस्ट्रेलियाच्या जमिनीवर चढतं. त्या दिवसापासून आमच्याकडे ॲटलास कपाटात जात नाही.

खरं सांगू, "खोट्या गोष्टी वाचून मार्क मिळत नाहीत" म्हणणारे पालकही होते. त्यांना तुम्ही उत्तर दिलं नाहीत, मुलांकडून चादरीचं कापड मोजून घेतलंत. त्यासाठी विशेष आभार.

आता ब्रॉबडिंगनॅग यायचंय, तिथली माणसं आपल्या बारापट. वजन १७२८ पट आणि हाडाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ १४४च पट, मग पाय मोडणार नाही का, असं लेक रोज विचारतेय. मला ते येत नाही, तुमच्याकडेच पाठवतेय. कापडाचे तुकडे लागले तर सांगा, पिशवीभर आहेत.

तुमची,
सहावीतल्या एका मुलीची आई