‘औषध नाही’ एवढ्यावर बातमी संपवू नका

संपादक महोदय,

पावसाळा लागला की विदर्भातल्या कुठल्या तरी गावातून तीच बातमी येते. सकाळी ताप, दुपारी झटके, दुसऱ्या दिवशी मूल गेले. चांदीपुरा विषाणूचा संशय, नमुने तपासणीसाठी पुण्याला रवाना. शेवटचे वाक्यही ठरलेले: ‘या आजारावर औषध किंवा लस उपलब्ध नाही.’ वाक्य खोटे नाही. पण ते वाचणारा बाप काय समजतो? ताप डोक्यात गेला, आता दवाखान्यात नेऊन तरी काय होणार! माझी तक्रार या समजाबद्दल आहे.

हा विषाणू आपल्याच गावाच्या नावाने जगभर ओळखला जातो. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यात तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात तो सापडला. पुढे बरीच वर्षे त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मेंदूज्वराच्या ३२९ बालरुग्णांची नोंद झाली. त्यांतली १८३ मुले दगावली. त्या वेळी तिथल्या काही डॉक्टरांनी वेगळेच मत मांडले. हा मेंदूचा दाह नसून पक्षाघातासारखा रक्तपुरवठ्याचा घोळ आहे, असे ते म्हणत. दाह असला की पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात पेशी वाढतात, त्या इथे फारशा वाढलेल्या नव्हत्या आणि स्कॅनमध्ये दिसणारी इजा एका मोठ्या धमनीच्या हद्दीतली होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मात्र रुग्णांच्या नमुन्यांत चांदीपुरा विषाणू दाखवला. विषाणू की रक्तवाहिनी, असा तो वाद. मला तो तेव्हाही तितकासा पटला नाही, कारण विषाणूमुळे मेंदूला दाह झाला की रक्तवाहिन्या त्यातून सुटत नाहीत.

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण त्याला प्राणवायू लागतो सुमारे २० टक्के, आणि साठा जवळजवळ शून्य. म्हणून रक्तदाब थोडा वर-खाली झाला तरी मेंदूतल्या बारीक धमन्या स्वतः आकुंचन-प्रसरण पावून प्रवाह सारखा ठेवतात. दाहाच्या वेळी सुटणाऱ्या रसायनांनी हे नियंत्रण ढिले पडते. केशवाहिन्यांच्या पेशींमधले घट्ट सांधे सैल होतात, पाणी बाहेर झिरपते, मेंदू सुजतो. कवटी काही ताणली जात नाही. आतला दाब वाढतो आणि वर येणाऱ्या रक्तालाच वाट मिळेनाशी होते. अशात तापाने आणि उलट्यांनी सुकलेल्या मुलाचा रक्तदाब उतरला, तर धमन्या आता सावरून घेऊ शकत नाहीत. त्यात झटका चालू असेल तर मागणी वाढलेली आणि पुरवठा आटलेला. श्वास उथळ झाला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याने धमन्या फुगतात आणि कवटीतला दाब आणखी चढतो.

(कांजिण्यांचा विषाणू तर थेट धमनीच्या भिंतीतच शिरू शकतो. कांजिण्या बऱ्या होऊन काही महिने उलटल्यावर मुलाची एक बाजू लुळी पडते, तेव्हा त्या दोन गोष्टी जोडून पाहायला घरच्यांना सुचत नाही. त्या विषाणूवर अ‍ॅसायक्लोव्हिर हे औषध आहे, हेही सांगायला हवे.)

या घसरगुंडीवरची बरीच पावले विषाणूचे नाव न कळताही रोखता येतात. नाकात मारायच्या मिडाझोलामच्या फवाऱ्याने झटका थांबवता येतो. प्राणवायू, रक्तातल्या साखरेची तपासणी, सलाइन देऊन रक्तदाब टिकवणे, डोके थोडे उंच आणि मान सरळ ठेवणे, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात जमण्यासारखे आहे. सूज उतरवणारे मॅनिटॉल किंवा ३ टक्क्यांचे सलाइन मोठ्या रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखाली. रक्तदाब उतरलेला असताना मॅनिटॉल उलटू शकते. यातल्या कशालाही पुण्याच्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही. प्रत्येक मूल वाचेल असे मी म्हणत नाही. चांदीपुरा फार वेगाने मारतो. पण झटका आलेले मूल काहीही न देता जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या गावी पाठवणे आणि वाटेत प्राणवायू चालू असणे, यांत फरक आहे.

तेव्हा विनंती एवढीच की, ‘औषध नाही’ या वाक्याच्या खाली ‘झटका आल्यास लगेच १०८ ला फोन करा, मुलाला कुशीवर ठेवा, तोंडात काही घालू नका’ एवढे तरी छापावे. आणि आपल्या वार्ताहरांनी आरोग्य अधिकाऱ्यांना मृतांच्या आकड्यासोबत हेही विचारावे: झटका आल्यापासून पहिला प्राणवायू किती वेळाने मिळाला, आणि तो फवारा केंद्रात होता का?

– शरीरक्रियाशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, नागपूर