ताग-धैंच्याच्या बियाण्याचं तेवढं कारखान्यांनी मनावर घ्यावं

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

गळीत हंगाम जवळ आला की तुमच्या पेपरात एफआरपी (उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर), तोडणी, वाहतूक, रिकव्हरी (साखरेचा उतारा) ह्यावर पान भरून बातम्या येतात, त्या यायलाच पाहिजेत, खरं ज्या रानातनं हा ऊस निघतो त्या रानाबद्दल कोण काय बोलत नाही म्हणून हे पत्र, ताग आणि धैंचा ह्या हिरव्याच रानात गाडून खत करायच्या पिकांच्या बियाण्यासाठी. आमच्या करवीर तालुक्यात नदीकाठाला कित्येक वर्षं उसावर ऊसच चाललाय. लागण, खोडवा (तोडल्यावर बुडक्यातनं परत फुटलेला ऊस), काहीजण तर निडवा (खोडव्यानंतर परत फुटलेला) सुद्धा धरतात, मग नांगर घालायचा आणि परत लागण. माती परीक्षणाचा कागद आला की सेंद्रिय कर्बाचा (मातीत कुजलेला पालापाचोळा किती त्याचा) आकडा बघायचा, अर्ध्या टक्क्याच्या खाली दिसला की कागद घडी घालून कपाटात. युरियाचं 45 किलोचं पोतं 266 रुपयाला मिळतंय तोवर कुणाला घाई नाही बघा.

आता ताग आणि धैंचा हे काय मी नवीन सांगत नाही. आमच्या आधीच्या पिढीला सगळं माहीत होतं. तागाचं एकरी 20-25 किलो बी टाकायचं, 45-50 दिवसात कमरेच्या वर येतो, फूल दिसायला लागलं की रोटाव्हेटर मारून गाडायचा. त्यापेक्षा उशीर केला की काडी राठ होते आणि कुजायला महिना-महिना घेते, मग लागणीला उशीर झाला म्हणून लोक तागालाच नावं ठेवतात. चांगला आलेला ताग एकरी 20-30 किलो नत्र देऊन जातो, म्हणजे युरियाचं एक-दीड पोतं झालं, आणि शिवाय जमीन भुसभुशीत होते ती वेगळीच, ती काय पोत्यात मिळत नाही. ज्याला विश्वास बसत नाही त्याने महिन्याच्या तागाचं एक रोप मुळासकट हळू उपसून बघावं, मुळाला ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी असतात, त्यातली एक नखाने फोडायची. आत लालसर गुलाबी दिसली तर ती हवेतला नत्र धरायचं काम करतीय, हिरवट नाहीतर पांढरी असली तर नाही. हे पोराबाळांना दाखवा, पुस्तकापेक्षा लवकर कळतं.

मग एवढं चांगलं आहे तर करत का नाहीत? सल्ला द्यायला येणारे म्हणतात शेतकऱ्यात जागृती नाही. मला हे अजिबात पटत नाही. जागृती भरपूर आहे हो, बियाणं नाही. मे च्या शेवटी वळीव पडला, रान मोकळं आहे, ऑगस्टमध्ये आडसाली (साधारण दीड वर्षाच्या उसाची) लागण करायची आहे, मधे दोन महिने आहेत, माणूस तालुक्याला दुकानात जातो तर ताग संपलेला, धैंचा आहे खरं उगवणीची गॅरंटी नाही, आणि दर तर दुकानदाराच्या तोंडात येईल तो. परत या म्हणतात आठ दिवसांनी. आठ दिवसांनी पाऊस लागलेला असतो आणि औत रानात जात नाही, की गेलं ते वर्ष.

ह्याचं कारण सरळ आहे. जो ताग गाडायचा तो फुलात गाडायचा, म्हणजे त्याला बी धरतच नाही. बियाण्यासाठी वेगळं रान ठेवायला लागतं, चार-पाच महिने थांबायला लागतं, आणि उसाच्या पट्ट्यात बागायत रान कोण तागाच्या बियासाठी अडकवून ठेवणार? म्हणून बी येतंय बाहेरनं, लांबनं, आणि आपण त्याच्या भरवशावर. एका शेतकऱ्यानं सोडवायचा हा प्रश्नच नाही, इथं सहकार पाहिजे, आणि सहकार तर आपल्या जिल्ह्यात घरोघरी आहे. गावागावात विकास सोसायटी, पाणीपुरवठा संस्था, दूध संस्था, वर कारखाना. एवढी यंत्रणा असताना दुकानदाराच्या दारात का उभं राहायचं?

माझं म्हणणं असं की बी कुठं करायचं आणि वापरायचं कुठं हे तालुके बघून ठरवावं. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडं पाऊस एवढा की तागाचं बी चांगलं वाळणारच नाही. खरं गडहिंग्लजच्या पूर्व भागात, आणि पलीकडं सांगली जिल्ह्यात जत, कवठेमहांकाळला पाऊस कमी आहे, जिरायत रान आहे, तिथं पावसावर ताग पेरून बी काढता येईल. एकरी तीन क्विंटल जरी बी निघालं तरी इकडं 12-15 एकराचा पेरा होतो. शिरोळकडं पाणथळ आणि क्षारपड (मीठ फुटलेल्या) जमिनी आहेत, तिथं ताग टिकत नाही, पाणी साचलं की मुळ्या कुजतात, तिथं धैंचाच पाहिजे, तो पाण्यात पण उभा राहतो आणि क्षार पण सोसतो. तिकडं दत्त कारखान्याने जमिनीखालनं पाईप घालून क्षारपड सुधारायचं मोठं काम केलंय. पाणी निचरलं की त्या रानात पहिलं पीक धैंच्याचं घेतलं तर माती लवकर हाताला येईल, आणि थोडं बियासाठी राखलं तर बी पण तिथलंच. धैंच्याचं बी कठीण कवचाचं असतं, रात्रभर भिजत घालूनच पेरायचं, नाहीतर निम्मं उगवत नाही आणि दोष बियाण्याला.

नदी काय तालुक्याची आणि राज्याची हद्द बघून वाहत नाही. 2019 ला आणि 2021 ला पंचगंगेचं पाणी कुठं कुठं गेलं ते सगळ्यांनी बघितलंय, त्या गढूळ पाण्यातनं वरच्या तालुक्यांची मातीच गेली की खाली. पुढं कृष्णेतनं ते सगळं कर्नाटकात. त्यामुळं निपाणी-चिकोडीकडच्या कारखान्यांना पण ह्यात घ्यावं असं मला वाटतं, ऊस पळवापळवीत एकमेकाच्या हद्दीत जायला आपल्याला काय अडचण येत नाही मग बियाण्यासाठी का यावी. अमेरिकेत मिडवेस्ट म्हणतात त्या मक्याच्या पट्ट्यात हेच केलंय, मिडवेस्ट कव्हर क्रॉप्स कौन्सिल म्हणून आहे, त्यात अनेक राज्यांची विद्यापीठं, सरकारी खाती, शेतकरी सगळे एकत्र, आणि शेजारच्या कॅनडातला ओंटारिओ प्रांत पण आहे. आपली काउंटी (आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखा भाग) सांगितली की कोणतं आच्छादन पीक (रान मोकळं असताना माती झाकायला घेतात ते, आपल्या तागासारखं) कधी पेरायचं हे ते सांगतात. आपल्याकडं कोल्हापुरातच प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे, कृषी महाविद्यालय आहे, कणेरीला कृषी विज्ञान केंद्र आहे. तालुक्याप्रमाणे असा एक साधा तक्ता करायला त्यांना किती दिवस लागतील?

पैशाचं पण अवघड नाही. बी सोसायटीतनं उधारीवर द्यावं आणि उसाच्या बिलातनं कापून घ्यावं, खताचं कापतातच की. गाडायला रोटाव्हेटर लागतो, तो कारखान्याने गटवार भाड्याने फिरवावा. खरी अडचण दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे उन्हाळ्यात उपसाबंदी (नदीतनं पाणी उपसायला बंदी) असते, त्यामुळं मे मध्ये पाणी देऊन ताग उगवायचा तर पाणीपुरवठा संस्थेनं पाळीत एक पाणी तागासाठी धरलं पाहिजे. दुसरी अडचण खंडाने रान करणाऱ्यांची. ज्याचं रान पुढच्या वर्षी हातात राहील का नाही तो दुसऱ्याच्या मातीत ताग कशाला गाडेल? तिथं मालकानं बियाण्याचे निम्मे पैसे द्यावेत, दुसरा उपाय मला तरी दिसत नाही. ज्यांना रान मोकळं ठेवणं परवडत नाही त्यांनी साडेचार-पाच फुटी सरीत मधे ताग नाहीतर चवळी टाकावी आणि बाळबांधणीच्या वेळी (उसाला पहिली माती लावताना) तिथंच गाडावी, भांगलणीचा खर्च पण वाचतो. आणि खोडव्यातलं पाचट (उसाचा वाळलेला पाला) पेटवायचं बंद झालं तर अर्धं काम तिथंच होतंय.

कारखान्यांच्या वार्षिक सभा होतात तेव्हा अहवालात ऊसविकास म्हणून एक पान असतंच. त्या पानावर ह्या वर्षी किती एकर बियाण्यासाठी राखले, किती क्विंटल बी निघालं आणि कुठल्या गावाला किती दिलं एवढा हिशेब छापून यावा. आमच्या सोसायटीत मी लेखी विषय दिलाय, इतर गावच्या सभासदांनी पण मुदतीच्या आत आपापल्या कारखान्याला पत्र द्यावं, आयत्या वेळच्या विषयात कोण ऐकून घेत नाही.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद, ता. करवीर, जि. कोल्हापूर