फ्रीजरमधलं वाटण

बर्मिंगहॅम, रविवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बुधवारी व्हिडिओ कॉल केला तेव्हा आईनं फोन घाईघाईनं पंख्याकडे फिरवला, पण त्याआधी ताट दिसलंच. दूध-चपाती, शेजारी मारी बिस्किटांचा पुडा. "दोघांसाठी कुठं घाट घालायचा" असं तू म्हणणार, गेल्या महिन्यातही म्हणालीस. फोनवर विषय काढला की तू "बरं बघू" म्हणतेस आणि बाबांना अचानक ऐकू येईनासं होतं. म्हणून लिहितोय.

घाट आम्हालाही जमत नाही. दोघं सहाला घरी येतो, साडेसहाला पोराचं "भूक" सुरू. तरी आठवड्यातून चार रात्री रस्सा होतो, कारण वाटण रविवारीच करून ठेवलेलं असतं. आई, तू नाक मुरडणार माहितीये. शिळं वाटण तुझ्या घरात चालत नाही. पण एकदा ऐक तर.

पाच मोठे कांदे उभे चिरून तेलात चांगले लालसर करतो. दीड वाटी सुकं खोबरं वेगळं, मंद आचेवर, आणि तिथून हलायचं नाही. पहिल्या वेळी मी फोन घ्यायला गेलो, खोबरं काळं झालं, धुराचा भोंगा वाजायला लागला आणि पोरगं टेबलाखाली जाऊन बसलं. सगळं कडू झालेलं, टाकून दिलं. मग आलं, लसणाचा अख्खा गड्डा, कोथिंबीर. पाणी जेमतेम, मिक्सर फिरेल एवढंच. गार झालं की बर्फाच्या ट्रेमध्ये भरायचं, गोठल्यावर वड्या काढून पिशवीत. तीन आठवडे मजेत जातात. तुम्हा दोघांना एका वेळेला दोन वड्या पुरतील.

मग संध्याकाळी उरतं काय? तेलात वडी परतायची, आपली कांदा-लसणाची तिखट चटणी घालायची, तेल सुटलं की वरून आधणाचं पाणी. गार पाणी ओतलं की तर्री बसते हे तुझंच वाक्य, इथं मी बायकोला ऐकवत असतो. त्यात उकडलेली अंडी सोडा, नाहीतर वांगं-बटाटा. अख्खा मसूर तर भिजवायचीही कटकट नाही. धुऊन कुकरला तीन शिट्ट्या, वाफ जिरेपर्यंत ताटं घेऊन होतात. आणि अगदीच कंटाळा आला तर पिठलं, त्याला वाटणही लागत नाही.

चटणीवरून आठवलं. ऑफिसात डबा उघडला की विचारतात, ही कुठली करी? इथं आमटी, रस्सा, कालवण, पिठलं सगळ्याला एकच शब्द. त्यात हे बर्मिंगहॅम, बाल्टी नावाच्या करीचं गाव. पातळ पोलादी छोट्या कढईत करतात नि त्यातच वाढतात. चांगली लागते, पण आपल्या चवीची नाही. एकाला म्हटलं, यात आईनं पाठवलेली चटणी आहे. तो डब्यात हिरवी चटणी शोधत बसला. डंकावर कुटलेला मसाला, ब्याडगी नि संकेश्वरी मिरच्या हे सगळं त्याला सांगेपर्यंत जेवणाची सुट्टी संपली.

बाबा, आता तुमचं. लसूण सोलणं आणि कांदा चिरणं तुमच्याकडे. टीव्हीसमोर बसून होतं, डोळ्यांत पाणी आलं तर बातम्यांमुळे म्हणा. आईच्या मनगटाला आता पाच कांदे चिरवत नाहीत. ती सांगत नाही, पण परवा बरणीचं झाकण तिनं तुमच्याकडे दिलं ते मी पाहिलं. आणि मीठ बेतानं, तुमच्या बीपीची गोळी वाढवलीये ते विसरू नका.

लाईट जाते, वाटण खराब होईल, हे कारण सांगू नका. तास-दोन तास गेली तर फ्रीजरचं दार उघडायचं नाही, बास. तसंही त्या फ्रीजरमध्ये बर्फाशिवाय आहे काय?

एक अडलंय. माझ्या मसुराला तुझ्यासारखा दाटपणा येत नाही. तू थोडा मसूर पळीनं घोटतेस, की वाटणच जास्त घालतेस? बुधवारी फोन करतो, तुमच्या जेवणाच्या वेळेला. पंख्याकडे फिरवू नकोस.

तुमचा,
बाळू