वारेबद्दल, तू विचारलंस म्हणून

अमळनेर

चि. सौ. मेघास, अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नव्हता. बाळाचं निम्मं जावईबापूंकडून आलेलं, मग तुझं शरीर त्याला परकं म्हणून हाकलत का नाही? पीटर मेडावर या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५३ मध्ये हेच विचारलं होतं.

उत्तराचा मोठा भाग वारेत, म्हणजे प्लासेंटात आहे. नर्सिंगच्या मुलींना मी वार ट्रेमध्ये पसरून दाखवायचे. आईकडची बाजू गडद लाल, खडबडीत, पंधरा-वीस फुगीर भागांची. बाळाकडची गुळगुळीत, चकचकीत, नाळेपासून शिरा फाकलेल्या. आपल्या बहुतेक पेशींवर एचएलए-ए आणि एचएलए-बी ही प्रथिनं असतात, किडनी बसवताना जुळवून बघतात तीच. वारेतल्या बाळाच्या ज्या पेशी तुझ्या रक्ताला भिडतात, त्या ती दाखवतच नाहीत. गर्भाशयाच्या अस्तरात खोल शिरणाऱ्या पेशींवर मात्र एचएलए-सी आणि एचएलए-जी असतं. एचएलए-जी माणसामाणसांत फारसं बदलत नाही, आणि ते तुझ्या पांढऱ्या पेशींना आवरतं.

म्हणजे तुझी प्रतिकारशक्ती झोपलेली नाही बरं! पहिल्या तीन महिन्यांत त्या अस्तरातल्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के एनके, म्हणजे 'नॅचरल किलर' पेशी असतात. एरवी त्या रोगट पेशी मारतात. इथे वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला मदत करतात. ते काम अपुरं राहिलं तर पुढे बीपी वाढू शकतं. बाळाचं एचएलए-सी आणि आईच्या एनके पेशी यांच्या काही जोड्यांत हा धोका जास्त असतो. आपल्याकडे असं झालं की लगेच सुनेला बोल लावतात, "काहीतरी खाल्लं असेल, जड उचललं असेल." मला याची फार चीड येते. ही जोडी कुणी निवडलेली नसते गं.

तुझी प्रतिकारशक्ती अशी कामात आहे, म्हणून चुलत सासूबाईंनी दिलेली इम्युनिटीची पावडर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस. त्यांची माया खरी आहे, पण डब्यावर घटकसुद्धा लिहिलेले नाहीत. धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवू नकोस. त्याने तयार झालेल्या अँटिबॉडी वारेतलं एक प्रथिन उचलून बाळाकडे पोचवतं, शेवटच्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडावर सूज दिसली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठ.

या तपासणीत बीपी किती आलं आणि लघवीत प्रथिन आहे का, ते मला कळव.

तुझी आई