१२३४५६७८९ : नऊच्या पुढे काय?

संपादक महोदय,

१२३४५६७८९ ही संख्या कोड्यांच्या सदरांत वरचेवर दिसते. ‘अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग जातो, म्हणून संयुक्त’ एवढ्यावर तिची उकल बहुधा आटोपती घेतात. यातून या संख्येबद्दल खास काहीच कळत नाही. एक ते नऊ हे अंक कोणत्याही क्रमाने मांडा, बेरीज ४५च आणि ९ ने भाग जाणारच. खरी गंमत ९ ने भागल्यावर उरणाऱ्या १३७१७४२१ मध्ये आहे.

हिला २, ३, ५, ७ अशा मूळ संख्यांनी ओळीने भागायचे, तर वर्गमूळापर्यंत म्हणजे ३७०३ पर्यंत जायची तयारी हवी. दोन-तीन हजारांवर कंटाळून ‘मूळच असणार’ म्हणणारे फसतात, कारण पहिला अवयव ३६०७ आहे. ही ५०४ वी मूळ संख्या. आधीचे ५०३ भागाकार फुकट!

त्यापेक्षा सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची रीत पाहा. वर्गमूळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या घ्यायची, तिच्या वर्गातून आपली संख्या वजा करायची आणि उरते तो पूर्ण वर्ग आहे का पाहायचे. नसल्यास एकाने पुढे सरकायचे. ३७०४चा वर्ग १३७१९६१६, वजाबाकी २१९५. हा पूर्ण वर्ग नाही (४६चा २११६, ४७चा २२०९). ३७०५चा वर्ग १३७२७०२५, वजाबाकी ९६०४, म्हणजे नेमका ९८चा वर्ग. अवयव ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३. दुसऱ्याच पावलाला काम फत्ते. हे दोन्ही मूळ आहेत, याची खात्री ६१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून करता येते.

तेव्हा १२३४५६७८९ = ३² × ३६०७ × ३८०३. विभाजक ३ × २ × २ = १२. त्यांची बेरीज १३ × ३६०८ × ३८०४ = १७,८४,२२,८१६. तीतून खुद्द संख्या वजा केली की ५,४९,६६,०२७ उरतात, संख्येच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून ही न्यून संख्या, म्हणजे स्वतःखेरीज इतर विभाजकांची बेरीज जिच्याहून कमी भरते अशी.

आणखी एक चकवा. ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, म्हणून ही दोन वर्गांची बेरीज असावी असे वाटते. पण ती हमी फक्त मूळ संख्यांपुरती. बाकी ३ उरणारा मूळ अवयव सम वेळा आला तरच अशी मांडणी जमते. इथे ३६०७ आणि ३८०३ यांची प्रत्येकी बाकी ३ आहे आणि दोघेही एकेकदाच येतात, त्यामुळे तशी मांडणी शक्यच नाही.

फर्माची रीत झटपट चालते ती दोन अवयव जवळजवळ असले तरच. उलट क्रमाच्या ९८७६५४३२१ ला ९ ने भागल्यावर १७ × १७ × ३७९७२१ मिळते. साध्या भागाकारात १७ हा सातव्याच प्रयत्नात सापडतो. फर्माच्या रीतीने २८९ × ३७९७२१ ही जोडी हाती लागायला १,७९,५३० पावले पडतात. हाताने सोडवणाऱ्यांनी आधी शंभरच्या आतल्या मूळ संख्या वापरून घ्याव्यात, फर्माकडे नंतर वळावे.

— एक गणित शिक्षक