तिकिटावर नंबर कोणाचा?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गावातली एक मुलगी नर्सिंग करून पुढच्या महिन्यात स्वयंसेवक म्हणून केनियाला चालली आहे. परवा तिकिटाचा कागद घेऊन घरी आली. म्हणे, "काका, पाहून द्या बरं, सगळं ठीक आहे का." मी तारीख पाहिली नाही, विमान पाहिलं नाही. आधी मोबाईल नंबर पाहिला. तो तिचा नव्हता, तिकीट काढणाऱ्या एजंटचा होता. म्हणून हे पत्र.

मी पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकात ३१ वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर एका संस्थेनं विचारलं, युगांडात पाच आठवडे येता का, तिथल्या मेकॅनिकांना शिकवायला. मी आधी हसलोच. मग कळलं की आपला इंडिया मार्क टू हातपंप तिकडे यू-टू नावानं चालतो आणि मार्क थ्री यू-थ्री नावानं. आपल्या मराठवाड्यातला जालना पंप, मग सोलापूर पंप, त्यांच्यावरूनच पुढे इंडिया मार्क टू झाला. म्हणजे पंप घरचाच. बायको म्हणाली, "एवढ्या दूर कायले जाता? दारासमोरचा बोअर दोन महिन्यांपासून बंद आहे, तो करा आधी." तो केला, मग निघालो.

विमान २०२४ च्या २६ सप्टेंबरचं होतं, गुरुवारी दुपारी मुंबईहून. बुधवारी संध्याकाळच्या अमरावती-मुंबई एक्सप्रेसचं कन्फर्म तिकीट खिशात होतं. सोमवारी रात्री नऊला व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर एजंटचा निरोप पडला की विमान एक दिवस अलीकडे आलंय. त्याच्या मोबाईलवर हा मेसेज रविवारीच आला होता. मी दिवसभर वावरात होतो, रेंज नव्हती. रात्री जेवताना पुतण्यानं वाचून दाखवलं.

मुंबईत राहणाऱ्याला एक दिवस अलीकडे म्हणजे एक दिवस अलीकडे. नेर तालुक्यातल्या माणसाला मंगळवारी संध्याकाळी अमरावती सोडायलाच पाहिजे. मंगळवारच्या गाडीचं तत्काळ सोमवारी सकाळी अकरालाच उघडून संपलेलं. शेवटी अमरावतीहून ट्रॅव्हल्सनं गेलो, मागच्या सीटवर रात्रभर उसळत. आधीच्या तिकिटाचे पैसे कापून आले. ट्रॅव्हल्सचे घरून गेले. संस्थेच्या माणसाला फोन केला तर तो गोड आवाजात म्हणाला, "काका, स्वयंसेवकानं थोडं लवचिक असावं लागतं."

एक गोष्ट त्याच्याही लक्षात आली नव्हती. युगांडाला जायला पिवळ्या तापाची लस लागते आणि ती टोचल्यावर दहा दिवस झाल्याशिवाय कार्ड चालत नाही. साठीच्या पुढच्यांना ही लस जपून देतात, म्हणून डॉक्टरांनी मला बरंच विचारलं होतं. मी त्या कामासाठी महिन्याच्या सुरुवातीलाच मुंबईला जाऊन आलो होतो, निभावलं. एखाद्याचा दहावा दिवस नेमका विमानाच्या दिवशीच भरत असेल, तर एक दिवस अलीकडे आलेलं विमान त्याच्या काय कामाचं?

हे सगळं मी विसरलोही असतो. खरी गोष्ट पुढची आहे.

राजधानी कंपालाहून मला उत्तरेला लिरा भागात जायचं होतं. त्या वाटेवर नाईल नदीवर करुमा इथं पूल आहे, १९६३ सालचा. दुरुस्तीसाठी तो २३ सप्टेंबरपासून वाहतुकीला बंद झाला. बंद होणार हे आधी जाहीर झालेलं होतं. तरी संस्थेचा कार्यक्रम त्याच वाटेनं आखलेला. मी पोचल्यावर सकाळी चहा पिताना संस्थेच्या लोकांनी सांगितलं, आता म्बाले-सोरोटीकडून वळसा घालून जावं लागेल, तेवढ्या लांब जायला गाडी नाही, दोन दिवस इथेच आराम करा. मी आराम केला. कंपालात केळ्याच्या हिरव्या घडांनी लादलेल्या सायकली पाहिल्या, एका दुकानात हातपंपाच्या हँडलची साखळी दिसली ती हातात घेऊन पाहिली. आपलीच.

तिसऱ्या दिवशी रात्री पोचलो. सकाळी गावात गेलो तर बोअरभोवती पाइप ओळीनं मांडलेले. बाजूला सिलिंडर, पोत्यावर रॉड. यू-टूमध्ये साधा वॉशर बदलायचा तरी तीन-तीन मीटरचे सगळे पाइप वर ओढावे लागतात. मी येणार, मला वेळ कमी, म्हणून तिथल्या मेकॅनिकांनी ठरल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळीच पंप खोलून ठेवला होता. सहाजण सायकलींवर आले होते, दोन रात्री तिथेच झोपले. बायका पिवळे जेरीकॅन घेऊन दुसऱ्या वस्तीच्या पंपावर जात होत्या. २० लिटरचा जेरीकॅन, डोक्यावर. त्या मेकॅनिकांतला सर्वात वयस्क मला म्हणाला, तुमच्यासाठी खोलला होता. रागानं नाही म्हणाला, तेच जास्त लागलं. त्यांना कोणी फोन केला नव्हता. संस्थेच्या वहीत स्वयंसेवकाचा कार्यक्रम दोन दिवस पुढे, एवढीच नोंद होती.

त्या दिवशी शिकवलं काहीच नाही. आधी पंप बसवला. पाणी यायला दुपार झाली.

खोटं कशाला बोलू, मी तिथे कोणावर चिडू शकलो नाही. एप्रिल-मे महिन्यात मीच किती गावांना "उद्या येतो" म्हणून गाडी दुसरीकडे वळवली आहे. एका तांड्यावर तर पंप खोलून बेअरिंग आणायला गेलो तो चौथ्या दिवशी उगवलो. तिथली म्हातारी म्हणाली होती, "खोलून कायले ठेवला बाप्पा, थेंब थेंब तरी येत होता." तेव्हा मी साहेबांचं नाव पुढे केलं होतं.

संस्थांना आणि एजंटांना माझं एवढंच सांगणं आहे. तिकिटावर जाणाऱ्याचा स्वतःचा नंबर टाका. विमान रद्द झालं आणि बुकिंगच्या वेळी संपर्काची माहिती नीट दिलेली नसेल, तर आपल्याकडच्या विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएच्या नियमानुसार भरपाईही मिळत नाही. आणि एजंटच्या नंबरवर गेलेला निरोप माझ्यापर्यंत कसा पोचतो, ते सांगितलंच. चार-पाच दिवसांवर आलेला बदल ग्रुपवर टाकून मोकळे होऊ नका, फोन करा, समोरच्यानं "समजलं" म्हटल्यावर ठेवा. माणूस नेरहून निघतो की अंधेरीहून, हे विचारा, आणि वाढलेला खर्च त्याच्या पेन्शनीवर टाकू नका. आणि जिथे जायचं आहे तिथे सगळ्यांत आधी कळवा. आम्ही दोन दिवस हॉटेलात काढू शकतो. त्यांचा पंप उघडा असतो.

त्या मुलीनं माझ्यासमोरच एजंटला फोन लावला. तो म्हणाला, "मेसेज आला की मी टाकतोच ना ग्रुपवर, ताई." स्वतःचा नंबर घालून नवीन कागद मोबाईलवर येईपर्यंत तिनं फोन ठेवला नाही. मग चहा घेतला.

आपला,
एक निवृत्त हातपंप मेकॅनिक,
ता. नेर, जि. यवतमाळ