आवाज येतो हो, पण बोललेलं कळतं का ते तपासा

संपादक महोदय,
स.न.

कान तपासायचे म्हटलं की सगळी भिस्त ऑडिओग्रामवर. २५० ते ८००० हर्ट्झच्या शिट्ट्या, ऐकू आली की बटण दाबा, झालं. पण कानाचं मशीन किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून कानात बसवतात ते ऐकण्याचं यंत्र) लावणाऱ्या आम्हा लोकांची तक्रार शिट्टीची नसतेच, आवाज येतो पण बोललेलं कळत नाही ही असते. त्यासाठी शब्दांची यादी ऐकवतात खरी, पण सगळ्यांना तीच, त्यामुळे ज्याला फारसं कळत नाही तो शून्यावर आणि ज्याला चांगलं कळतं तो शंभरावर, दोघांबद्दलही नवीन काय समजलं? त्यात ५० शब्दांपैकी निम्मे ओळखणाऱ्याचा स्कोअर नुसत्या योगायोगानेसुद्धा १४ टक्के वरखाली होऊ शकतो, मग मशीनची सेटिंग बदलून फायदा झाला की नाही हे ठरवायचं कसं?

यावर उपाय म्हणजे कॉम्प्युटरवरची अडॅप्टिव्ह टेस्ट, तिच्यात बरोबर आलं की पुढचं अवघड, चुकलं की सोपं, आणि अंदाज पुरेसा पक्का झाला की टेस्ट थांबते. आयडिया जुनीच आहे, लेविट या संशोधकांनी १९७१ मध्येच दाखवलं होतं की दोन सलग बरोबर आल्यावर अवघड आणि एक चुकल्यावर सोपं केलं तर टेस्ट ७०.७ टक्के बरोबर येणाऱ्या पातळीवर स्थिरावते. ठार बहिऱ्या माणसाला शब्द लांब आहे की आखूड एवढंच विचारता येतं, मग स्वर, मग तार की दार, मग पूर्ण वाक्य, म्हणजे प्रत्येकाला आपापल्या पायरीवरचा प्रश्न मिळतो.

पण माझी मेन शंका वेगळीच आहे. कुठला शब्द किती अवघड हे ठरवताना चांगलं ऐकू येणाऱ्यांवर ट्रायल घेतली तर सगळं गणित फसेल, कारण उंच फ्रिक्वेन्सी गेलेल्याला ‘स’ आणि ‘श’ असलेले शब्द भलतेच जड जातात. शब्दच ओळखीचा नसेल तर ती कानाची परीक्षा राहत नाही, लहानपणापासून खुणांच्या भाषेत वाढलेल्यांचा तर आधी विचार करा. ओठ दिसताना आणि न दिसताना असे दोन स्कोअर वेगळे हवेत, ‘पाय’ आणि ‘माय’ ओठांवर सारखेच दिसतात ना!

आणि हो, ही टेस्ट मुद्दाम आपल्याला जमेल न जमेल अशा काठावरच ठेवते, त्यामुळे सारखं चुकत राहिल्यासारखं वाटतं. हे सुरू करायच्या आधीच सांगा, नाहीतर माणूस अर्ध्यात हेडफोन काढून ठेवेल. रिपोर्टवरही नुसता एक आकडा नको, तो किती इकडेतिकडे होऊ शकतो तेही शेजारी लिहा.

आपली,
श्रवणयंत्र वापरणारी एक वाचक